बँडोनिऑन, कॉन्सर्टिना आणि ती घडवणारे हात

खर्जषड्ज

टँगो ऐकणाऱ्याच्या कानावर बँडोनिऑन पडलेले असतेच आणि आयरिश लोकसंगीताची गोडी लागलेल्याला कॉन्सर्टिना ओळखीची असते. ही दोन्ही वाद्ये आपल्या पेटीच्या नात्यातली आहेत, कारण तिन्हींमध्ये भात्याच्या हवेने धातूची पत्ती थरथरते आणि सूर निघतो. मात्र त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा वादकांविषयी असते. ही वाद्ये कोण घडवते, कशी घडवते आणि पुढच्या पिढीत कोण घडवणार, याची चर्चा फारशी होत नाही. माझे म्हणणे आधीच मांडतो. जुनी वाद्ये जपणे आणि ती घडवण्याची विद्या जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि आज आस्था व पैसा या दोन्हींचा ओघ बव्हंशी पहिल्या कामाकडे आहे.

बँडोनिऑन अर्जेंटिनाचे म्हणून ओळखले जात असले तरी त्याचे जन्मस्थान जर्मनी आहे. सॅक्सनीतील केमनिट्स शहरात कार्ल फ्रीडरिश उलिग याने १८३४ मध्ये जर्मन धर्तीची कॉन्सर्टिना तयार केली. पुढे क्रेफेल्डचा संगीतशिक्षक आणि वाद्यविक्रेता हाइनरिश बांड याने १८४० च्या दशकात तिच्यात अधिक सूर घालून घेतले आणि त्याचे नाव वाद्याला कायमचे चिकटले. बांड वाद्ये विकत असे; ती घडत होती सॅक्सनीच्याच डोंगराळ भागात, कार्ल्सफेल्ड नावाच्या लहानशा गावात. तेथे कार्ल फ्रीडरिश त्सिमरमान याने १८४७ मध्ये काम सुरू केले, १८६४ मध्ये त्याचा कारखाना अर्न्स्ट लुई आर्नोल्डकडे आला आणि १९११ मध्ये त्याच घराण्यातील आल्फ्रेड आर्नोल्डने स्वतःचा कारखाना उभारला. त्याच्या वाद्यांवरील दोन 'ए' ही अक्षरे पाहून अर्जेंटिनातील वादक त्यांना 'दोब्ले आ' म्हणू लागले. आजही तेथील वादक वाद्य निवडताना पहिली चौकशी याच शिक्क्याची करतो.

टँगोत रूढ झालेल्या बँडोनिऑनची रचना पाहिली की या कारागिरीचा पल्ला लक्षात येतो. उजव्या हाताला ३८ आणि डाव्या हाताला ३३, अशी ७१ बटणे असतात. भाता उघडताना आणि मिटताना एकाच बटणातून वेगवेगळा सूर येतो, त्यामुळे एकूण सूर १४२ होतात. प्रत्येक सुरासाठी एका सप्तकाच्या अंतराने लावलेल्या दोन पत्त्या एकदम वाजतात, म्हणजे एका वाद्यात २८४ पत्त्या. त्या सगळ्या हाताने सुरात आणायच्या आणि प्रत्येक जोडी अशी जुळवायची की दोन पत्त्यांमध्ये कंपाचा लवलेशही ऐकू येऊ नये.

हे काम कारखान्यात वाटलेले असे. पत्त्या घासणारा वेगळा, भाता चिकटवणारा वेगळा, लाकडी पेटी जोडणारा वेगळा, सूर लावणारा वेगळा. या वाटणीमुळेच कार्ल्सफेल्डला इतकी वाद्ये परदेशी पाठवता आली. पण कारखाना बंद पडल्यावर विद्या इतक्या लवकर का विरून गेली, याचे कारणही मला त्या वाटणीतच दिसते. आल्फ्रेड आर्नोल्डचा कारखाना १९४८ मध्ये पूर्व जर्मनीत सरकारजमा झाला आणि पुढे तेथे डिझेल इंजिनांचे पंप बनू लागले. घराण्यातील आर्नो आर्नोल्डने पश्चिमेकडे जाऊन ओबर्ट्सहाउझेन येथे नवा कारखाना काढला. तोही १९७१ मध्ये बंद झाला. कामगार जिवंत होते, हात शाबूत होते, पण संपूर्ण वाद्य एकट्याला येत होते असे फार थोडे. आज जो कारागीर एकट्याने बँडोनिऑन घडवू पाहतो त्याला एका पूर्ण कारखान्याची विद्या स्वतःच्या दोन हातांत गोळा करावी लागते. नव्या वाद्याची किंमत आणि प्रतीक्षा पाहून जे नाराज होतात त्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इंग्लंडमधील कॉन्सर्टिनेची कथा याहून थोडी निराळी आहे. चार्ल्स व्हीटस्टन या शास्त्रज्ञाने १८२९ च्या पेटंटातून ही षटकोनी वाद्यपरंपरा सुरू केली. त्याच्याकडे काम केलेल्या लुई लाशेनालने पुढे स्वतःचा धंदा काढून यंत्रांच्या मदतीने तिचे भाग मोठ्या प्रमाणावर बनवले. लंडनमध्ये क्रॅब घराण्याने १८६० पासून १९८९ पर्यंत हे काम केले. त्यांच्यासारखी लहान घराणी एकाच छपराखाली सगळी कामे करीत असल्यामुळे विद्येचा धागा बारीक झाला तरी पूर्णपणे तुटला नाही. तरीही ब्रिटनमधील 'हेरिटेज क्राफ्ट्स' या संस्थेने धोक्यात आलेल्या हस्तकौशल्यांची जी यादी केली आहे तिच्यात कॉन्सर्टिना घडवण्याचे काम आहे, यावरून तेथील परिस्थितीही नाजूकच आहे हे दिसते.

जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत. विशेषतः पेटीचे काम करणाऱ्यांचे मत मला हवे आहे.

—

पेटीवाला

लेख आवडला. मी पेट्यांची दुरुस्ती करतो, म्हणून रीडच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो आणि दोन विचारतो.

आपल्या पेटीची रीड पितळेची असते. पितळी पट्टीच्या खाचेवर पितळेचीच पत्ती रिव्हेटने बसवलेली असते. सूर चढवायचा असल्यास पत्तीच्या टोकाकडून धातू घासून कमी करायचा आणि उतरवायचा असल्यास मुळाकडून. हे सांगायला सोपे आहे, पण हात किती दाबावा आणि कुठे थांबावा हे अंगवळणी पडायला फार काळ जातो. चांगल्या पेटीच्या शोधात असलेले लोक आजही जुन्या जर्मन 'ज्युबिलेट' किंवा पॅरिसच्या 'कासरील' रीडची मागणी करतात. त्या नव्याने मिळत नाहीत, म्हणून जुन्या पेटीतून काढून नव्या पेटीत बसवल्या जातात. गुजरातेत पालिताण्याला रीड बनतात आणि त्यांत चांगल्याही असतात, तरी ग्राहकाच्या मनातून 'जर्मन' काही जात नाही. आपण 'दोब्ले आ'विषयी लिहिलेत ते वाचून हेच आठवले.

माझे प्रश्न असे. पहिला, या वाद्यांत भाता उघडतानाही सूर निघतो आणि मिटतानाही निघतो, तर हवा उलटी फिरली की दुसऱ्या बाजूच्या पत्तीचे काय होते? दुसरा, आज धातूची तपासणी करण्याची इतकी साधने असताना जुन्यासारखी रीड नव्याने का करता येऊ नये?

—

खर्जषड्ज

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चामड्यात आहे. प्रत्येक खाचेवर पत्तीच्या विरुद्ध बाजूला मऊ, पातळ चामड्याची एक पट्टी एका टोकाला चिकटवलेली असते. हवा योग्य दिशेने आली की ती पट्टी उचलली जाते आणि पत्ती वाजते; हवा उलटी झाली की ती खाचेवर घट्ट बसते आणि ती वाट बंद होते. चामडे जाड झाले तर सूर दबतो, ताठरले तर उघडमीट होताना फडफड ऐकू येते आणि वाकडे झाले तर हवा वाया जाते. जुने वाद्य श्वास कमी पडल्यासारखे वाजत असेल तर पुष्कळदा दोष पत्तीचा नसून या पट्टीचा असतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी इंग्लिश कॉन्सर्टिनेची एकच रीड जवळून पाहू. पितळेची एक छोटी चौकट असते, तिच्यात पत्तीच्या आकाराची खाच कोरलेली असते. या खाचेच्या भिंती सरळ उभ्या नसतात. खालच्या बाजूला त्या किंचित रुंदावत जातात, म्हणजे पत्ती आत झुकली की हवेला मोकळी वाट मिळते. पत्ती स्प्रिंगच्या पोलादाची असते आणि ती रिव्हेटने न ठोकता वरून एक छोटी पट्टी ठेवून दोन स्क्रूंनी आवळलेली असते. पत्ती आणि खाच यांच्यातली फट जितकी कमी तितका सूर कमी हवेत बोलतो, पण फट फारच कमी ठेवली तर पत्ती कडेला घासते. शिवाय पत्तीचे टोक चौकटीपासून किती उचललेले असावे हे प्रत्येक सुराला निराळे असते: जास्त उचलले तर सूर उशिरा बोलतो, कमी उचलले तर जोराने भाता ओढताच तो गुदमरतो. अशी तयार चौकट शेवटी लाकडी तबकात कोरलेल्या निमुळत्या खोबणीत सरकवून बसवतात, तिला गोंद लावत नाहीत. पावसाळी किंवा फार कोरड्या हवेत लाकूड फुगते वा आकसते, तेव्हा हीच चौकट अडकते किंवा सैल होऊन गुणगुणू लागते.

आता धातूचे. बँडोनिऑनच्या जुन्या पट्ट्या जस्ताच्या असत आणि एका लांब पट्टीवर अनेक पोलादी पत्त्या बसवलेल्या असत. त्या जस्तात नेमके काय मिसळलेले होते याभोवती वादकांनी बरेच गूढ उभे केले आहे. माझ्या मते रहस्य धातूत कमी आणि घासणाऱ्याच्या सवयीत जास्त आहे. पोलाद विकत मिळते, पत्तीची जाडी मोजता येते, पण टोक, मध्य आणि मूळ यांच्या जाडीचा मेळ सुरागणिक बदलतो. आयुष्यभर तीच पत्ती घासणाऱ्या माणसाला तो मेळ बोटांनी कळत असे आणि तो त्याने कुठेही लिहून ठेवला नाही. ४८ बटणांच्या इंग्लिश कॉन्सर्टिनेत दोन्ही दिशांना तोच सूर येतो, तरी प्रत्येक दिशेची पत्ती स्वतंत्र असते, म्हणजे ९६ रीड झाल्या. तिच्या सहा घड्यांच्या भात्याला पुठ्ठ्याचे ७२ तुकडे लागतात, ते कापडाने जोडायचे आणि कोपऱ्यांना तासून कागदासारखे पातळ केलेले बकऱ्याचे कातडे लावायचे. हे सगळे एकाच माणसाने करायचे असेल तर त्याच्या हातून वर्षाला किती वाद्ये उतरतील याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा चांगली येईल.

—

रानवारा

धागाकर्त्यांच्या मूळ विधानाशी मी पूर्णपणे सहमत नाही. जुने वाद्यच उरले नाही तर नव्या कारागिराने नमुना कशाचा घ्यायचा? अर्जेंटिनाने २००९ मध्ये बँडोनिऑनच्या संरक्षणासाठी कायदा केला आणि चाळीस वर्षांहून जुनी वाद्ये देशाबाहेर नेण्यावर बंधन घातले. त्यामागे खरी गरज होती, कारण परदेशी ग्राहक आणि संग्राहक चांगली वाद्ये उचलून नेत होते आणि तेथील विद्यार्थ्यांना शिकायला वाद्य मिळेनासे झाले होते. ज्या देशात आनिबाल त्रोइलो या वादकाचा जन्मदिवस, म्हणजे ११ जुलै, राष्ट्रीय बँडोनिऑन दिन म्हणून पाळतात, तेथे हाताशी वाद्यच नसावे ही गोष्ट मला फार लागते.

शिवाय अर्जेंटिना केवळ राखण करीत बसलेला नाही. लानूस येथील राष्ट्रीय विद्यापीठाने विद्यार्थ्यांना परवडेल असे बँडोनिऑन तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला आणि त्रोइलोच्या लाडक्या नावावरून त्या वाद्याला 'पिचुको' असे नाव दिले. जतन आणि निर्मिती यांना एकमेकांसमोर उभे करणे म्हणून मला योग्य वाटत नाही.

—

बर्लिनस्थ

मी बर्लिनमध्ये राहतो आणि बँडोनिऑन शिकतो, म्हणून जर्मनीतील स्थितीबद्दल थोडे लिहितो.

भात्याची वाद्ये घडवणे हा येथे शासनमान्य व्यवसाय आहे. त्याचे प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. उमेदवार कार्यशाळेत काम करतो आणि सोबत व्यवसायशाळेत जातो. कार्ल्सफेल्डपासून फार दूर नसलेले क्लिंगेनथाल हे या विद्येचे मुख्य ठिकाण आहे आणि तेथे आज पुन्हा बँडोनिऑन घडतात. शेजारच्या मार्कनॉयकिर्शेन परिसरातील वाद्यनिर्मितीची जर्मनीने २०१४ मध्ये आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदही केली. कागदावर पाहिले तर व्यवस्था उत्तम आहे.

अडचण अशी की उमेदवाराला पोटापाण्याचे काम मिळते ते मुख्यतः अकॉर्डियनचे. त्याच्या हाताला बँडोनिऑनचे वळण लागायचे तर त्याच्या कार्यशाळेकडे तशी मागणी यायला हवी, आणि ती मागणी आता जर्मनीतील सामान्य घरांतून येत नाही. एके काळी येत होती, हे आज अनेकांना ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी खाणकामगार आणि गिरणीकामगार यांची बँडोनिऑन मंडळे गावोगावी होती. ज्यांना स्वरलिपी वाचता येत नसे त्यांच्यासाठी बटणांवर क्रमांक घालून त्याच क्रमांकांत गाणी छापली जात. नाझी राजवटीत कामगारांच्या संघटना मोडल्या गेल्या, त्यानंतर युद्ध झाले, त्यानंतर लोकांची आवड बदलली आणि आपल्याच मुलखात या वाद्याला श्रोता उरला नाही. कारागीर सॅक्सनीत आणि ग्राहक ब्वेनोस आयर्समध्ये, ही स्थिती तशी जुनीच आहे. पण पूर्वी शेजारच्या गल्लीतही ग्राहक होता. वाद्य वाजवणारा माणूस कारागिराच्या दारात येऊन 'हा सूर उशिरा बोलतो' असे सांगत असे, आणि त्या एका वाक्यातून कारागीर जे शिकत असे ते पत्रव्यवहारातून शिकता येत नाही.

रानवारा यांच्या मुद्द्याला जोडून एवढेच म्हणेन की निर्यातबंदीने वाद्य देशात राहते, पण ते दुरुस्त करणारा माणूस देशात राहील याची हमी त्यातून मिळत नाही.

—

तुंबा

माझे घर मिरजेला आहे, म्हणून उमेदवारीच्या प्रश्नावर लिहावेसे वाटले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हां सर्वांना आनंद आहे. तथापि मानांकनाने बाजारातील नाव सुरक्षित होते. शिकणाऱ्या पोराच्या घरी पगार पोचत नाही. काम शिकताना पहिली काही वर्षे त्याच्या हातून लाकूड वाया जाते, आणि त्याला शिकवताना कसबी माणसाचा वेळ मोडतो. हा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. पूर्वी घरातलाच मुलगा शिकत असल्यामुळे तो खर्च दिसत नसे. आता मुले नोकरीला जातात आणि बाहेरचा मुलगा शिकायला आला तर तो पहिल्या महिन्यापासून पैसे मागतो, यात त्याचे काहीही चुकत नाही. कॉन्सर्टिनेच्या कारागिरांकडे हा खर्च कोण उचलते, हे समजून घ्यायला आवडेल.

—

खर्जषड्ज

तुंबा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. बहुतेक ठिकाणी हा खर्च कारागीर स्वतः उचलतो, आणि म्हणूनच पुष्कळ जण शिष्य घेत नाहीत. ज्याच्याकडे कित्येक वर्षांच्या मागण्या थांबलेल्या आहेत त्याने शिकवण्यात एक वर्ष घालवले तर तेवढी वाद्ये कमी उतरतात आणि थांबलेला ग्राहक आणखी थांबतो. मला वाटते की या क्षेत्रातील संस्थांनी जुन्या वाद्यांच्या खरेदीवर पैसा घालण्याऐवजी उमेदवाराच्या पगाराचा आणि त्याच्या हातून वाया जाणाऱ्या मालाचा भार उचलावा. रानवारा, आपला नमुन्याचा मुद्दा मला मान्य आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात कॉन्सर्टिनांचा मोठा संग्रह आहे आणि व्हीटस्टन कंपनीच्या हिशेबाच्या वह्याही तेथे जपलेल्या आहेत. त्यांचा कारागिरांना प्रत्यक्ष उपयोग होतो. माझा आग्रह एवढाच आहे की संग्रह उभा राहिला म्हणून विद्या वाचली असे समजून कोणी स्वस्थ बसू नये.

यंत्रांविषयी अजून कोणी विचारले नसले तरी प्रश्न येणारच, म्हणून आताच लिहितो. कॉन्सर्टिनेच्या बाजूच्या तबकड्यांवरील नक्षी पूर्वी बारीक करवतीने कापली जाई, आज ती लेझरने कापता येते. लाकडी तबकातील खोबण्या संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर अधिक अचूक निघतात. याला कारागिरीचा ऱ्हास म्हणणे मला पटत नाही, कारण लाशेनालने एकोणिसाव्या शतकातच यंत्रे वापरली होती आणि त्याची वाद्ये आजही वाजत आहेत. जी कामे यंत्राने होतात ती यंत्राला द्यावीत, म्हणजे पत्ती घासणे, सूर लावणे, कातडे तासणे आणि बटणांचा दाब सारखा करणे यासाठी माणसाकडे वेळ उरेल.

तयार अकॉर्डियनच्या रीड घालून केलेल्या कॉन्सर्टिनांविषयी मात्र मी थोडा साशंक आहे. इटलीतील कास्टेलफिदार्दो किंवा चेक प्रजासत्ताकातील लाउनी येथून चांगल्या रीड मिळतात आणि त्यांमुळे वाद्य बरेच स्वस्त पडते. नव्याने शिकणाऱ्याला त्याशिवाय पर्याय नाही आणि त्याने ते आनंदाने घ्यावे. पण कारागिरांची नवी पिढी केवळ अशी वाद्ये जोडूनच तयार झाली तर पितळी चौकटीची रीड घडवणारे हात संपतील, आणि हीच तर या विद्येची सर्वांत अवघड पायरी आहे. म्हणून ज्याची ऐपत आहे त्याने एकदा तरी संपूर्ण हातघडणीच्या वाद्याची मागणी नोंदवावी आणि ज्याची नाही त्याने निदान दुरुस्तीचे काम जाणत्याकडेच द्यावे. तरुण कारागीर दुरुस्तीवरच जगतो आणि दुरुस्तीतूनच शिकतो.

—

पेटीवाला

एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे आजोबांच्या काळातली षटकोनी कॉन्सर्टिना आहे. भाता गळतो, तीन-चार सूर बोलत नाहीत आणि बाकीचे आजच्या पट्टीपेक्षा वर लागतात. त्यांनी ती माझ्याकडे द्यायचे ठरवले आहे. मी हात लावावा का?

—

खर्जषड्ज

जरूर लावावा, पण पत्त्या घासायला घेऊ नका. जुन्या इंग्लिश वाद्यांची पट्टी पुष्कळदा आजच्यापेक्षा वर असे, त्यामुळे सगळे वाद्य चढे वाटले तरी ते आपसात सुरात असू शकते. ते आजच्या पट्टीत आणायचे की आहे तसे ठेवायचे हा निर्णय मालकाने कॉन्सर्टिनेच्या जाणकाराला विचारूनच घ्यावा, कारण एकदा घासलेला धातू परत येत नाही.

आधी नाव आणि क्रमांक शोधा. क्रमांक बाजूच्या तबकडीवर किंवा आत लाकडावर ठोकलेला असतो. वाद्य व्हीटस्टनचे असेल तर वह्यांवरून त्याचे साल काढता येण्याची शक्यता आहे. बाजू उघडताना सहाही लांब स्क्रू ज्या भोकातून निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवा, कारण ते एकमेकांच्या जागी नीट बसतीलच असे नाही. न बोलणारी रीड खोबणीतून सरकवून काढा, पातळ कागदाची कड पत्तीखालून अलगद फिरवा. बऱ्याच वेळा धुळीचा एक कण निघतो आणि सूर बोलू लागतो. चामड्याच्या पट्ट्या वाकलेल्या असतील तर बदला, हे काम आपल्या हाताला जड नाही. भात्याच्या कोपऱ्याला नव्या पद्धतीचा झटपट चिकटणारा गोंद लावू नका, तो कडक होतो आणि पुढच्या दुरुस्तीत कातडे फाटते. वाद्य ठेवताना भाता मिटून, वाजवताना असते तसे आडवे ठेवा, म्हणजे चामड्याच्या पट्ट्या लोंबणार नाहीत.

एखादी पत्ती मोडलेली निघाली तर तिचे दोन्ही तुकडे चौकटीसकट जपून ठेवा आणि शेजारच्या दोन सुरांच्या रीडसह कारागिराकडे पाठवा. नवी पत्ती घासताना जाडीचा अंदाज त्याला त्यांच्यावरूनच घ्यावा लागतो.